दगडूतात्यांची बोलकी खिडकी

माणूस हॉटेलात शिरला की आधी काय बघतो? रिकामं टेबल बघतो, शेजारच्याच्या ताटात काय आलंय ते बघतो, माझ्यासारखा घामट असला तर पंखा कुठाय ते बघतो. दगडूतात्या आधी खिडकी बघायचे. नुसती बघायचे नाहीत हो! सरळ चालत जाऊन कडी काढायचे, तावदान ढकलायचे, मुंडासं सावरत डोकं बाहेर काढायचे आणि तसेच ओणवे उभे राहायचे. मागे वेटर पाण्याचे ग्लास घेऊन ताटकळतोय, आजूबाजूची मंडळी हसतायत, यांना पत्ता नाही. मग डोकं आत घेऊन निकाल द्यायचे, "मुकी हाय."

माझं पौडात काचेचं दुकान. तसबिरींना चौकटी, कपाटांना आरसे, खिडक्यांना तावदानं. मुळशी खोऱ्यात काच फुटली की लोक म्हणतात, बशीरला बोलवा. तेव्हा खिडकी या विषयात मला कुणी शहाणपण शिकवू नये, हे माझं स्पष्ट मत. खिडकीला आवाज असतो, कबूल, पण तो बिजागरीचा असतो, नाहीतर पुट्टी सुटलेल्या काचेचा. बोलणारी खिडकी मी बापजन्मात कुणाला बसवून दिली नव्हती.

धरणाच्या पाण्याकाठी मुंबईच्या एका शेटजींनी रिसॉर्ट काढलं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. नुकतं कुठे गावागावांतून टीव्ही दिसायला लागले होते. रिसॉर्टात आकाशपाळणा, लहान मुलांची आगगाडी, हंसाच्या आकाराच्या पायांनी चालवायच्या होड्या, प्लास्टरच्या सांगाड्यांचा भूतबंगला आणि एक नाही, दोन नाही, चांगली तीन हॉटेलं. पुण्यामुंबईची मंडळी गाड्या भरभरून यायची. आम्हा पौडकरांना आत जायचं तर काहीतरी काम लागायचं. मला होतं. पोरं भूतबंगल्यातले आरसे फोडायची, मी नवे बसवायचो. दगडूतात्यांना मात्र काम लागत नव्हतं. ते जेवायला जायचे. रोज.

कारण ती जमीन त्यांची. पाण्याच्या वरच्या अंगाला उतारावर त्यांचं शेत होतं, ते शेटजींनी घेतलं. सौदा ठरताना तात्यांच्या मुलांनी काय मागायचं ते मागितलं. तात्यांनी एकच अट घातली, "मी जित्ता हाय तवर तुमच्या हाटेलात रोज सांजच्याला माझं एक पान. कुटल्या टेबलावर बसायचं ते मी ठरवनार." शेटजींनी हसत हसत हातावर हात मारला. म्हातारा चार दिवस येईल, तिखट नाही म्हणून कंटाळेल, असा त्यांचा अंदाज असणार. पौडानं मात्र तोंडात बोट घातलं. वडिलोपार्जित जमीन देऊन जेवण मागणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. पारावर ठराव झाला, दगडू अधाशी निघाला.

अधाशी कसला! त्यांच्या टेबलाशी मी कितीदा बसलोय. काम संपवून निघालो की ते हाक मारायचे, "ये रं बशीर, माज्या पानात जेव." चमचमीत सगळं मी खायचो, तात्या प्रत्येकातला एक घास घेऊन ताट माझ्याकडे सरकवायचे. पण आधी तिन्ही हॉटेलांची त्यांनी जी पारख केली, ती ऐकण्यासारखी.

पहिलं 'दरबार'. टेकाडावर. आत झुंबरं, पितळी ताटं, वेटरांना जरीचे फेटे. तात्यांनी चहूकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "वऱ्हाडी जमल्यात, नवरा कुटं दिसंना रं?" लोण्यात घोळलेली कोंबडी आली. एक घास घेऊन म्हणाले, "कोंबडी हाय का बासुंदी?" आणि उठून खिडकीकडे गेले. ती उघडायची भूतबंगल्याच्या दिशेला. तिथं भोंग्यावर सारखी किंकाळ्यांची टेप चालू. तात्या लगेच आत आले. मुकी.

जेवण झाल्यावर मी त्यांना गंमत म्हणून भूतबंगल्यात नेलं. सांगाडे नाचले, शवपेटीतून हात आला, पुण्याच्या बायका किंचाळत एकमेकींवर पडल्या. तात्या देवळात प्रदक्षिणा घालावी तसे शांतपणे फिरून बाहेर आले.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"ही लई आरडत्यात," ते म्हणाले. "खरं कुनी आरडत न्हाई."

आजचा कांद्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला हसू यायला हवं होतं, ते काही आलं नाही.

दुसरं 'लेक व्ह्यू'. अगदी काठावर. सगळं गुळगुळीत, काट्याचमच्यांचा आवाजसुद्धा दबका. प्रत्येकापुढे रुमालाची घडी घालून बगळा केलेला. तात्यांनी तो मोडला नाही, जेवण होईतो मांडीवर घेऊन बसले. टोमॅटोचं सूप चाखून म्हणाले, "सार हाय, पन घाबरलेलं." इथल्या सरकत्या खिडक्या माझ्या हातच्या. त्यामुळे ते डोकं बाहेर काढून उभे होते तेव्हा मी जरा छाती काढून बसलो होतो.

"बहिरी हाय," तात्या म्हणाले.

माझं टाळकंच सटकलं. "तात्या, असली काच पुण्यात मिळत नाही!"

"काच झ्याक हाय रं. पन खाली चिखल आन् धोंडं. पानी कुटं हाय?"

तिसरं 'जहाज'. हे काठावरून थेट पाण्यात घुसवलेलं, सिमेंटच्या खांबांवर, बोटीच्या आकाराचं. चिनी जेवण मिळायचं. मी नूडल्स मागवल्या. तात्यांनी एक धागा उचलून उजेडात धरला. "शेवया हायेत. गूळ इसरलं वाटतं." मग ते टोकाच्या टेबलाकडे गेले. तिथं तिन्ही बाजूंना पाणी आणि बाहेर उघडणारी दोन झडपांची लाकडी खिडकी. त्यांनी झडपा ढकलल्या, डोकं बाहेर काढलं, आणि काही केल्या आत येईनात. दिवस बुडायला आला होता. ताम्हिणीच्या अंगानं धुकं पाण्यावर उतरत होतं. आकाशपाळण्याचे दिवे लागले, हंस काठाला बांधले गेले, तरी तात्या वाकलेलेच. शेवटी आत आले ते धपकन खुर्चीवर बसले.

"ही बोलती," ते म्हणाले.

त्या दिवसापासून तेच हॉटेल, तेच टेबल, तीच तिन्हीसांजेची वेळ. तात्यांना पाण्यावर उघडणारी खिडकी हवी होती, बाकी हॉटेलानं दगड उकडून घातले असते तरी चाललं असतं. कशाला हवी, ते विचारलं तर म्हणायचे, "तू ज्येव."

जेवण संपलं की एक कप दूध मागवायचे. कोमट, साखर घालून. रमेश नावाचा वेटर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बशीरभाई, आजोबा दूध पीत नाहीत. मी पाठ फिरवली की कप रिकामा. आणि तोंड कोरडं." मी म्हटलं, तुला दुसरे उद्योग नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मीच टक लावून बसलो.

तात्यांनी कप खिडकीबाहेर धरला आणि अगदी सावकाश, थेंब न उडवता तिरका केला. आता दूध पाण्यात पडलं की पसरतं, हे शेंबडं पोरही सांगेल. हे पसरलं नाही. पांढरी दोरी सोडावी तसं सरळ खाली गेलं आणि दिसेनासं झालं. तात्यांनी मुंडाशाच्या शेवानं कपाची कड पुसली. मग कप खिडकीत पालथा ठेवला.

"तात्या, हे काय?"

"मासं खात्यात."

खोटं! मासे असते तर वर आले असते. एक शेपटी हलली नव्हती. मी त्या रात्री घरी जेवलो नाही. बायकोला वाटलं, हॉटेलचं बाधलं.

हळूहळू वेटर लोक दिवे लागल्यावर त्या टेबलाजवळ जाईनात. कप शेजारच्या टेबलावर ठेवून पळायचे.

आणि मग एसी आला. मॅनेजर राजवाडे पुण्याचे, शब्द तोलून बोलणारे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "जहाज वातानुकूलित करायचंय. झडपा सगळ्या काढा. अखंड काचा बसवा. मुंगी जाईल एवढीसुद्धा फट नकोय मला." एवढं मोठं काम मला कधी मिळालं नव्हतं. मी खुशीत घरी आलो, मोजमापं मांडली.

दुसऱ्या सकाळी दगडूतात्या दुकानात. यापूर्वी ते कधी आले नव्हते. चारी भिंतींना आरसे टेकवलेले, आणि प्रत्येक आरशात एकेक तात्या हात जोडून उभा.

"बशीर, एक झडप ऱ्हाऊ दे."

"अहो तात्या, हात कसले जोडता! एसीच्या खोलीत झडप ठेवायची म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी भरायचं. मॅनेजरला विचारलंत का?"

"इचारलं. त्ये म्हनलं, शेटजींनी जेवान कबूल केलंय, खिडकी न्हाई."

वा रे पुणेरी! पण बोट कुठे ठेवणार? बरोबरच होतं ते.

"पण तुम्हाला खिडकी हवी कशाला, ते तरी सांगा."

तात्यांनी मुंडासं सावरलं, आरशांतल्या सगळ्या तात्यांनी सावरलं. "बसव तू काचा," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. मी बसवल्या. अशा बसवल्या की वारा नाक घासून परत जाईल.

एसी सुरू झाला त्याच सांजेला राजवाड्यांचा निरोप आला, ताबडतोब या. टोकाची काच वाजत होती. बारीक, चिरका आवाज. लांबून ऐकलं तर मांजर, जवळ गेलं तर मांजर नव्हे. एका गिऱ्हाइकाचं तान्हं मूल तो ऐकून असं रडायला लागलं की बाई ताट टाकून बाहेर गेली.

"फट राहिलीय तुमची," राजवाडे म्हणाले.

माझी फट! मी पुट्टी पुन्हा भरली. दुसऱ्या सांजेला पुन्हा तोच आवाज. कडेनं रबर घातलं, काच बदलली, मशीन बंद करून बघितलं. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं, पाणी ताटासारखं सपाट. बाकीच्या काचा गप्प. मी टोकाच्या काचेला तळहात लावला. ती थरथरत होती, पण वर नाही, मध्ये नाही. खाली, पाण्याच्या अंगाला. मी हात झटकन मागे घेतला.

मागच्या टेबलावर तात्या बसले होते. जेवणाला हात लावलेला नाही, दुधावर साय धरलेली.

"भूक लागलीय तिला," ते म्हणाले.

"कुणाला?"

मग सांगितलं. माझ्याकडे न बघता, त्या काचेकडे बघत.

"माज्या आईला माज्या आदी एक ल्येक झाली. आली तशी गेली. न्हाणीच्या मागं पुरली, वर धोंडा ठिवला. आई रोज दिवं लागायच्या येळंला तितं दूध घालायची. मग मी झालो. मला तरी काळानं बघू नये म्हनून नाव दगडू ठिवलं. आन् मग धरान आलं. लोकांनी वासं काढलं, कौलं काढली, देव डोक्यावर घेतलं. ती कशी आनायची? पुरलेलं लेकरू उकरत न्हाईत. ती ऱ्हायली, वर पानी चढलं."

"मग?"

"मग आई काठावर यायची. त्या दोन डोंगरांमदली खिंड दिसती नव्हं, तिच्याकडं त्वांड करून दूध घालायची. मरताना म्हनली, दगडू, तिला उपाशी ठिवू नगंस. पन काठावरचं दूध काठावरच ऱ्हातंय रं. शेटजीची मान्सं नकाशा घेऊन आली, हाटेलाचं पाय पान्यात दावलं, तवा माज्या ध्यानात आलं. आमचं घर तितंच कुटंतरी हाय, खिडकीला कान लावला का कळंल. वरनं घालता यील. तोंडात."

जमीन देऊन या माणसानं जेवण मागितलं ते एवढ्यासाठी, आणि आम्ही पारावर बसून त्याला अधाशी ठरवलं.

"मी तिला बगितलंबी न्हाई," तात्या म्हणाले. "पन आईच्या अंगावरचं तिच्या वाटनीचं दूध मीच प्यालो नव्हं? म्हनून येवडा दांडगा झालो."

"नाव काय होतं तिचं?"

"बारशाच्या आदीच गेली. नाव कुटलं? आई 'ये बये' म्हनायची."

माझी धाकटी तेव्हा घरी पाळण्यात होती. मी तिथून उठून थेट घरी गेलो आणि झोपलेल्या पोरीला उचलून घेतलं. बायको ओरडली, मी ऐकून घेतलं.

सकाळी काच कापायचा हिरा घेऊन जहाजावर हजर झालो. टोकाची काच उतरवली आणि खालच्या कोपऱ्यात हात जाईल एवढी चौकोनी झडप केली. बिजागरी, कडी, सगळं रीतसर. राजवाडे धावत आले.

"हे काय करताय? तिकिटाची खिडकी?"

"साहेब, एवढ्या मोठ्या काचेला आतून गार, बाहेरून गरम. दाब येतो. दाबाला वाट दिली नाही तर काच बोंबलणारच. मुंबईला मोठमोठ्या इमारतींत असंच करतात." मी मुंबईला एकदाच गेलो होतो, तेही मामूच्या मयताला.

'दाब' या शब्दानं राजवाडे नरमले. "बरं. पण दिसायला सुबक करा."

त्या सांजेला आवाज सुरू झाला आणि तात्यांनी झडप उघडली. बाही वर सारून कोपरापर्यंत हात बाहेर घातला, कप तिरका केला. रडणं मध्येच तुटलं. दोन-तीन बारीक हुंदके आले, मग काहीच नाही. सगळ्या हॉटेलात नुसती मशीनची घरघर. तात्यांनी कड पुसली, कप पालथा घातला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

"ह्ये हाटेल एक नंबर."

"जेवण आवडलं म्हणता?"

"जेवान कसलं रं, शेवया. गूळ न्हाई."

मी सगळ्यांना सांगितलं, हवेला वाट मिळाली, आवाज थांबला. काचेतला माणूस मी, लोकांनी मान डोलावली. रोज अंथरुणाला पाठ टेकली की मी स्वतःलाही तेच सांगायचो.

थंडीत तात्या आजारी पडले. छाती भरली. मुलं त्यांना पिंपरीच्या इस्पितळात न्यायला जीप घेऊन आली. जीप माझ्या दुकानापुढे थांबवून तात्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, आता दुधाचं माझ्यावर सोपवतील. तर म्हणाले, "झडपीची कडी घट झालीया. त्याल घाल."

मी त्याच दिवशी जाऊन तेल घातलं, झडप उघडून बघितली, तशीच उघडी ठेवून आलो. म्हटलं, हवेला वाट आहे, आता काळजी नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलता कलता रमेश सायकल मारत दुकानात आला. त्याचा चेहरा उतरलेला.

"बशीरभाई, चला. ती काच काल रडायला लागली ती दिवे मालवेपर्यंत थांबली नाही."

"झडप?"

"उघडीच आहे."

"वारा?"

"पान हलत नाही." झालं! माझं दाबाचं शास्त्र तिथंच संपलं. मी दुकानाची फळी ओढली. बायकोला सगळं सांगितलेलंच होतं. तिनं बाटलीत दूध भरून हातात दिलं. "हॉटेलचं पाणचट नको. हे घरच्या म्हशीचं आहे. आणि गार होऊ देऊ नका, तान्ही आहे ती."

जहाजाच्या टोकाशी पोचलो तेव्हा रडणं सुरू झालं होतं. रमेश दारात थांबला, पुढे येईना. मी कपात दूध ओतलं आणि झडपेतून हात बाहेर घातला. पाण्यावरचं धुकं मनगटाला गार लागलं. काय म्हणायचं असतं, ते तात्यांना विचारायचं राहून गेलं होतं. घरी पोरींना घास भरवताना जे म्हणतो तेच तोंडून गेलं, बिस्मिल्ला. मग म्हटलं, "ये बये. पी."

दूध सरळ खाली गेलं. आणि खरं सांगतो, विश्वास ठेवायचा तर ठेवा, कप हातात किंचित खाली ओढला गेला. पाळण्यातलं पोर बाटली ओढतं, तेवढाच. मी सोडला नाही. हळूहळू आवाज बारीक होत गेला आणि थांबला. मी रुमालानं कपाची कड पुसली. भीती म्हणाल तर नव्हती. रडू येत होतं.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं पिंपरी गाठली. तात्या कॉटवर अर्धे राहिले होते. मला बघून त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. मग कष्टानं तोंडानं विचारलं, "प्याली?"

"प्याली, तात्या. सगळं."

"पाजलं कोनी?"

"मीच."

त्यांनी माझा हात धरला. मग कॉटशेजारच्या खिडकीकडे हनुवटी केली. मला कळलं. मी उठलो, कडी काढली, तावदान ढकललं आणि डोकं बाहेर काढून नीट ऐकलं. खाली रिक्षा, फळवाले, नळावरची भांडणं.

"मुकी हाय, तात्या."

"बरं झालं," ते म्हणाले. "हितं कुनी उपाशी न्हाई." आणि कुशीवर वळून झोपले.

तात्या काही परत आले नाहीत. त्यांच्यामागे राजवाड्यांनी ते पान बंद केलं, ते रीतीला धरूनच झालं. टोकाचं टेबल मात्र दिवेलागणीला माझ्यासाठी रिकामं असतं, तेवढं रमेश बघतो. मी नूडल्स मागवतो, चिवडतो, आणि घरून आणलेली बाटली काढतो. गिऱ्हाइकं सांजेला दुकानाशी येऊन बंद फळी बघून परत जातात. पारावर विचारतात, बशीर रोज कुठे जातो? कुणीतरी सांगतं, कुठे म्हणजे, रिसॉर्टात जेवायला.

आता पौड म्हणतं, बशीरही अधाशी निघाला. म्हणेनात का.